मुमताजची पात

आमच्या वृषालीचं लग्न बुद्धपौर्णिमेला झालं, ते साल दोन हजार चोवीस. वृषाली म्हणजे माझ्या थोरल्या लेकाची मुलगी. लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीला, मी आणि माझी शेजारीण मुमताज फुगडी खेळताना पडलो.

मी तेव्हा अडुसष्ट वर्षांची. मुमताज माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण ती ते कधी कबूल करायची नाही. आधार कार्डावर दोघींची जन्मतारीख एकच, एक जानेवारी, आणि सालही एकच, कारण लिहून घेणारा त्या दिवशी घाईत होता. त्यामुळे या भांडणाचा निकाल कधी लागलाच नाही.

मांडवात पोरी मोबाईल लावून नाचत होत्या. मुमताज माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ह्यो काय नाच हाय? पाय जागचा हालत न्हाई. चल झुंबरे, दाखवू ह्यांना."

"गप बस. हाडं मोडतील."

"मोडली तर तुझी मोडतील. मी धाकटी हाय."

एवढं ऐकल्यावर मी पदर खोचला.

हाताला हात, पायाला पाय, मागं झुकून गरागरा. चौथ्या फेऱ्याला पोरींनी मोबाईल बंद केला. सातव्याला टाळ्या सुरू झाल्या. मांडव, दिवे, पोरी, खुर्च्या, सगळं एकात एक कालवल्यासारखं दिसत होतं आणि मधोमध मुमताजचं तोंड तेवढं जागच्या जागी. ती ओरडली,

"मिरचीचा ठेचा, भाकर ताजी,
झुंबर झाली, मी न्हाई आजी!"

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात हात सुटला. मी मांडवाच्या खांबाकडं गेले, मुमताज हळदीच्या पातेल्याकडं गेली. खांब पडला नाही. पातेलं पडलं.

जीपमधून नगरला नेताना ती डोक्यापासून पायापर्यंत पिवळी होती. तिच्याकडं बघितलं की मला हसू यायचं, हसलं की गुडघ्यात कळ यायची, कळ आली की मी ओरडायचे आणि मी ओरडले की ती हसायची.

"हात तू सोडला," ती म्हणाली.

"मी न्हाई. तू सोडला."

जीपवाला मागं वळून म्हणाला, "आजी, खरंच दवाखान्यात न्यायचं का परत मांडवात सोडू?"

मुमताजचं उजवं मनगट मोडलं होतं. माझ्या गुडघ्यातली दोरी ताणली गेली होती, हाडाला हाड धरून ठेवणारी असते ती. तिला सहा आठवड्यांचं प्लास्टर, मला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा. वृषालीच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत आम्ही दोघी खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसलेल्या आहोत. मुमताजच्या कानामागं हळद दिसते.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पण मुमताज मणियारीण होती. घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराच्या दिवशी ती बांगड्यांची पेटी घेऊन कोपऱ्यावर बसायची. गाय विकून घरी निघालेला माणूस तिच्यापुढून बायकोच्या मापाच्या बांगड्या घेतल्याशिवाय जायचा नाही, कारण ती त्याला जाऊच द्यायची नाही. बाकीचे दिवस ती माझ्याबरोबर रोजानं खुरपायला यायची. आणि गावात कुणाचीही लेक नवरी झाली, मराठ्याची, माळ्याची, आमची, मुसलमानाची, की तिच्या हातात चुडा मुमताज भरणार. पंचेचाळीस वर्षांत एका नवरीच्या हातावर तिनं ओरखडा उठू दिला नव्हता. माझ्या वृषालीचाही चुडा तिनं पडायच्या आधी दोन तास भरला होता.

आता तिच्या नातीचं, शबनमचं, लग्न सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ठरलं होतं. तारीख आधीच धरलेली, पाहुणे सांगून झालेले.

जुलैत प्लास्टर काढलं तेव्हा आतून जो हात निघाला तो ओळखू येईना. वाळलेल्या पऱ्हाटीसारखा. मूठ मिटेना, पंजा उलटा-सुलटा होईना. चमचासुद्धा धरता येईना. संध्याकाळी तिचा मुलगा फैयाज सरळ मनानं म्हणाला, "अम्मी, शबनमच्या चुड्याला नगरहून दुसरी बाई सांगून ठेवतो. तू नुसती शेजारी बस."

त्या दिवशी मुमताज जेवली नाही. मला म्हणाली, "साऱ्या गावाच्या पोरी मी सजवल्या, आन् माझ्या पोरीचा हात परकी धरणार? त्यापेक्षा हळदीच्या पातेल्यात बुडून मेले असते तर बरं झालं असतं."

"पातेलं लहान हुतं," मी म्हणाले.

मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला दोघींना नगरमध्येच आरती मॅडमकडं पाठवलं. मोडलेलं जुळल्यावर अंग पुन्हा कामाला लावायचं, ते शिकवणारी ही मुलगी, वय तिशीच्या आत. दवाखाना वरच्या मजल्यावर, सतरा पायऱ्या. आत गेलो तर एका स्टुलावर कर्जतकडचा पैलवान बसलेला, कानिफनाथ नावाचा. मान माझ्या कमरेएवढी. जत्रेच्या कुस्तीत त्याचा खांदा निखळला होता. तो पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हळूहळू वर उचलत होता, आणि मॅडम त्याला सांगत होती, "बास. आठ झाले. खाली ठेवा."

मुमताज मला कोपरानं ढोसून म्हणाली, "एवढा रेडा, आन् बाटली उचलून दमला बघ."

मॅडमनं आमचे हात-पाय मापले. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन पट्ट्या लावल्यासारखं काहीतरी होतं तिच्याकडं. मग दोघींना एकेक कागद दिला. मुमताजच्या कागदावर हाताचे चार व्यायाम: कोमट पाण्यात मूठ उघडझाप, टेबलाच्या कडेवरून मनगट खाली-वर, हातात पळी धरून पंजा उलटा-सुलटा, स्पंज दाबणं. माझ्या कागदावर पायाचे: गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी ठेवून दाबणं, पाय सरळ ठेवून वर उचलणं, टाच ओढत आणणं. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, दिवसातून तीनदा. खाली चौकटी होत्या. दहा झाले की एका चौकटीत बरोबरची खूण करायची.

वाचायचं काम माझ्याकडं आलं. मला साठाव्या वर्षी वृषालीनं अक्षरं शिकवली होती आणि मुमताजनं शिकायचं नाकारलं होतं. "तू शिकलीस ना, मग मला कशाला? एका घरात दोन जाती लागत्यात का?" जातं म्हणजे दळायचं. आमची घरं दोन, पण भिंत एकच.

पहिल्या दिवशी तिनं टेबलाच्या कडेवरून मनगट खाली केलं आणि डोळ्यांतून पाणी काढलं. चारच झाले होते. मी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुझी पात मी काढते."

हे आता समजावून सांगायला पाहिजे, नाहीतर वाचणारा म्हणेल दोन्ही म्हाताऱ्या वेड्या. खुरपायला बसलं की प्रत्येक बाईला एक पट्टा वाटून येतो. त्याला पात म्हणतात. एखादीला ताप असला, पोटात दुखत असलं, तर शेजारची आपली पात काढता काढता तिचीही काढते. दुसऱ्या दिवशी ती हिची काढते. संध्याकाळी मुकादम येऊन बघतो तेव्हा तो रान बघतो. कुठली पात कुणी काढली ते विचारत नाही. चाळीस वर्षं मी आणि मुमताजनं असंच केलं. तिच्या बाळंतपणात तिच्या पाती मी काढल्या, माझा नवरा गेला तेव्हा माझ्या तिनं काढल्या. हिशेब कधी ठेवला नाही.

तर मी तिची पळी हातात घेतली आणि पंजा उलटा-सुलटा केला. दहा वेळा. दुखलं नाही काही. चौकटीत खूण केली. मग ती खाली आडवी झाली आणि माझा पाय उचलायचा व्यायाम तिनं केला, कारण मला तो नको होता. तिनं तर पंधरा केले. "घे," म्हणाली, "पाच उद्याला जमा."

तीन आठवडे आम्ही असं नेमानं केलं. एक चौकट मोकळी सोडली नाही. एकही खूण खोटी नव्हती. प्रत्येक खुणेमागं दहाचे दहा व्यायाम झालेले होते. नुसते ज्याचे त्यानं केलेले नव्हते.

त्याचे परिणाम दिसायला लागले. लोणच्याच्या बरणीचं झाकण, जे माझा लेक सचिन पकडीनं उघडायचा, ते मी बोटांनी उघडलं. गोधडी पिळली तर टाके उसवले. मुमताज तिकडं मांडवाच्या वेलासारखी सरसर चालायला लागली. एकदा बकरीमागं चौकापर्यंत पळाली आणि बकरी धरूनच आली, डाव्या हातानं.

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा नगरला गेलो. मुमताज सतरा पायऱ्या दोन-दोन करत वर गेली. मी खाली राहिले. मग कठडा धरला आणि हातांच्या जोरावर स्वतःला वर ओढत नेलं, बादली विहिरीतून वर यावी तशी. वर दारात आरती मॅडम उभी होती. ती आधी मुमताजकडं बघत होती, मग माझ्याकडं.

तिनं मुमताजच्या मनगटाला माप लावलं. माझ्या गुडघ्याला लावलं. कागद बघितले. पुन्हा मापं लावली.

"मुमताज आजी, सगळे व्यायाम झाले?"

"व्हय. एक बी चुकला न्हाई."

"कोणी केले?"

मुमताजनं अभिमानानं माझ्याकडं बोट दाखवलं. "हिनं. आन् हिचे मी केले. उगं हिला नावं ठेवायला जागा न्हाई, लई मन लावून केलं हिनं."

मॅडम खुर्चीत बसली. तिनं तोंडावर हात धरला. मग तिचे खांदे हलायला लागले. स्टुलावरच्या कानिफनाथाच्या हातातली बाटली खाली पडली आणि तो एवढ्या मोठ्यानं हसला की खालच्या मजल्यावरचा दुकानदार काय झालं म्हणून वर आला. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत बसलो. काय चुकलं ते कळेना.

डोळे पुसून मॅडम म्हणाली, "झुंबर आजी, मुमताज आजींना ताप आला तर गोळी तुम्ही खाल का?"

"गोळीचं येगळं," मी म्हणाले. "गोळी काय काम हाय का? हे काम हाय. काम कुणी बी केलं तरी रान साफ हुतं."

"आजी, हे काम नाही. ही गोळीच आहे. ज्याचं मोडलं त्यानंच घ्यायची, सांगितली तेवढीच घ्यायची. दोन गिळून आज बरं होत नाही आणि शेजारणीनं गिळून तर कधीच नाही."

मग तिनं मुमताजच्या हाताकडं बघत हळूच सांगितलं, "तीन आठवडे गेले आपले. लग्नाला दोनच महिने राहिले."

ते ऐकलं आणि आमचे चेहरे पडले.

घरी आल्यावर मुमताजनं हिशेब मांडला. तीन आठवड्यांची पात शिल्लक, ती आठ दिवसांत उरकायची. तिला माणूस मिळाला माझा दीर, बन्सी भावजी. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला, पहाटे उठून शंभर दंड आणि दोनशे बैठका मारणारा आणि त्या मारल्याचं दिवसभर साऱ्यांना सांगणारा.

"वहिनी, त्या मॅडमनं स्पंज दिला व्हय?" भावजी म्हणाला. "स्पंजानं काय हुतंय? भांडी घासायला दिला आसंल. घाम न्हाई आला तर तो व्यायाम न्हाई, आराम हाय. मुमताजभाबी, धरा ही कळशी."

त्यानं तिच्या मोडक्या हातात अर्धी भरलेली कळशी दिली आणि ओट्यावर बसून एसटीतल्यासारखा ओरडायला लागला, "चला, चला! आजून दहा! जागा हाय, पुढं सरका!" मी म्हणाले, भावजी, मॅडमनं सांगितलं न्हाई असं. तर तो म्हणाला, "मॅडम लहान हाय." मुमताज दात खाऊन कळशी वर-खाली करत होती. पळी शंभर वेळा, स्पंज दोनशे वेळा. मला म्हणाली, "बघत काय बसलीस? मोज." आणि मी मोजलं, हे माझ्याकडून झालं.

चौथ्या दिवशी सकाळी तिचा हात पुरीसारखा फुगला होता. बोटांवरची कातडी चमकत होती. एकही बोट हलेना. फैयाज मोबाईल घेऊन बाहेर गेला. मुमताज म्हणाली, "दुसऱ्या बाईला सांगायला गेला."

जीपमध्ये ती रडली. त्या दिवशी बाजार होता, आमच्या सीटखाली कुणाची तरी तीन करडं बांधलेली. ती रडायला लागली की एक करडू ओरडायचं. ती थांबली की तेही थांबायचं. शेवटी तिनं त्याला शिवी दिली आणि नाक पुसलं.

मॅडम रागावली नाही. थंड पट्टी लावली, हात उशीवर उंच ठेवला आणि विचारलं, "दुखणं किती? दहा पैकी मार्क द्या."

"दहात सोळा."

"कोणी सांगितलं होतं कळशी उचलायला?"

"हिच्या दिरानं. रोज दोनशे बैठका मारतो."

"मारू देत. त्यांचं काही मोडलेलं नाही. चांगल्या अंगाला थोडं जास्त ओझं दिलं तर ते ताकद धरतं. मोडून जुळलेल्या अंगाला आधी हलायचं कसं ते आठवावं लागतं, मग ताकद."

कोपऱ्यातून कानिफनाथ म्हणाला, "मावशी, मी हजार दंड मारणारा माणूस. मे महिन्यात ह्या मॅडमचं ऐकलं न्हाई, घरी जाऊन पाच किलो उचललं. एक महिना मागं गेलो. वस्तादाला मी घाबरत न्हाई, पर आता ह्या बाटलीला घाबरतो."

मी जन्मभर पोती भरली आणि शिवली, तेव्हा मला ते असं कळलं. चांगल्या पोत्यात आणखी एक मूठ कोंबता येते, ठोकून ठोकून भरता येतं. फाटलेलं पोतं मात्र आधी शिवावं लागतं, टाका टाका करत, आणि शेवटचा टाका पडेपर्यंत त्यात धान्य ओतायचं नाही. आम्ही फाटलेलं पोतं ठोकून भरत होतो.

मॅडमनं नवे नियम घातले. दोन दिवस पूर्ण विश्रांती. मग पुन्हा पाचापासून. दुखण्याला दहात तीन मार्क मिळेपर्यंत करायचं, चौथा आला की थांबायचं. आणि रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला विचारायचं. तो जास्त दुखत असला तर काल चुकलं, आज कमी. मग तिनं माझ्याकडं वळून सांगितलं, "झुंबर आजी, तुम्ही त्यांच्या हाताला हात लावायचा नाही. मोजायचं, आणि दहा झाले की थांबवायचं. तुमचं काम तेवढंच. आणि स्वतःचा पाय स्वतः उचलायचा."

मला वाटलं, यासारखं अवघड काम मी कधी केलं नाही. मैत्रीण दुखण्यानं ओठ चावते आणि आपण शेजारी बसून "सात, आठ" म्हणायचं. आणि उलट ज्या दिवशी तिला जोर चढायचा, "आजून दहा करते गं," तेव्हा तिच्या हातातनं पळी ओढून घ्यायची.

"मुडदा बशिवला तुझा, दे हिकडं!"

"न्हाई. दहा झाले."

"तू मुकादमापेक्षा वाईट हायेस. मुकादमाला चहा पाजला तर ऐकायचा."

"मला बी पाज. तरी दहाच."

भावजीला मी ओट्यावर बसायची बंदी केली. तो भिंतीपलीकडनं "चला, पुढं सरका" ओरडायचा तेवढा ओरडायचा.

ऑगस्टच्या शेवटी मॅडमनं विचारलं, "आजी, या हातानं तुम्हाला करायचंय काय नेमकं?" मुमताजनं सगळं सांगितलं. डाव्या हातानं नवरीचा पंजा दाबून मऊ करायचा, अंगठा आत घ्यायचा, आणि उजव्या हातानं बांगडी फिरवत फिरवत गाठीवरून पुढं सरकवायची. जोर लावला की काच फुटते. जोर नाही लावला तर चढत नाही. मॅडम ऐकून उठून उभी राहिली. "मग पळी कशाला? पुढच्या वेळी बांगड्याच घेऊन या!"

तिथून पुढं तो दवाखाना राहिला नाही, बाजारातला कोपरा झाला. आधी मुमताज बाटलीच्या गळ्यात बांगड्या घालायची, मग लाटण्याला फडकं गुंडाळून, मग मॅडमच्या हातात. मानेला पट्टा लावलेली एक मास्तरीण होती, तिनं आपणहून दोन्ही हात पुढं केले. एका शुक्रवारी मुमताजची नजर कानिफनाथाच्या पंजावर गेली.

"पैलवान, हात द्या."

"मावशी, आख्खी तालीम हसंल मला."

"तुमच्या हातात चढली तर माझ्या शबनमचा हात म्हंजे लोणी. द्या. सैल सोडा. सैल म्हणते ना! कुस्ती नका खेळू माझ्याशी."

पेटीतली सगळ्यात मोठी बांगडी काढली, हिरवी. तो पंजा म्हणजे फावडं. मुमताजनं दाबला, वळवला, थांबली, श्वास घेतला, पुन्हा वळवला. मी मोजत होते. बांगडी अंगठ्याच्या गाठीवर अडली, कुरकुरली आणि टपकन मनगटावर जाऊन बसली. मॅडमनं टाळ्या वाजवल्या. मग कळलं की ती निघत नाही. नेमका त्याच वेळी त्याच्या वस्तादाचा फोन आला, तोंड दिसणारा. कानिफनाथानं घाईत त्याच हातानं मोबाईल धरला. पलीकडचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

"नाथा, हातात काय हाय तुझ्या?"

"व्यायाम हाय, वस्ताद."

मी हसता हसता स्टुलावरून उठले आणि दारापर्यंत चालत गेले. तिथं गेल्यावर लक्षात आलं की मी काही न धरता चालत आले.

शबनमच्या हळदीच्या दिवशी, अठ्ठावीस सप्टेंबरला, अंगणात बायकांची गर्दी. फैयाजनं बोलावलेली नगरची बाई येऊन बसलेली, नवी कोरी पेटी, चांगली होती बिचारी. फैयाज मला बाजूला घेऊन म्हणाला, "मौसी, अम्मीला जमंल का? काच फुटली, शबनमला लागलं, तर लग्नाच्या घरात..." मी म्हणाले, "दुसऱ्या बाईला चहा दे. आजून काय देऊ नको."

शबनम पाटावर बसली. मुमताज तिच्यापुढं. एका हातात पंधरा, दोन हातांत तीस. पहिल्या दहा कशा चढल्या ते कुणाच्या डोळ्यांना दिसलंही नाही. अकरावी हातात घेतली तेव्हा मला तिच्या कपाळावर घाम दिसला आणि अंगठा कापताना दिसला. मी ओळखलं. तिनंही माझ्याकडं बघितलं. माझे हात तर बरण्या उघडणारे. मी पुढं सरकले, हळूच म्हणाले, "मी दाबते पोरीचा पंजा. तू नुसती सरकव."

"हात मागं घे झुंबरे," ती म्हणाली. "ही पात माझी हाय."

मग मी माझं काम केलं. मोठ्यानं म्हणाले, "दहा झाले. थांब."

आणि मुमताज थांबली. हातातली बांगडी पेटीत ठेवली, पंजा मांडीवर उताणा टाकला आणि डोळे मिटून बसली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. हळद वाटून तयार, पाहुणे ताटकळलेले, आणि नवरीच्या हातात बांगड्या दहाच. नगरची बाई अर्धवट उठली. कुणीतरी म्हणालं, "झालं काय? दमली का म्हातारी?" भिंतीपलीकडून बन्सी भावजी ओरडला, "चला, पुढं सरका!" शबनमनं तिकडं बघून ओरडून सांगितलं, "आजोबा, गप बसा! दादीची विश्रांती चाललीय!"

तिनं दादीचा हात आपल्या हातात घेतला आणि तशीच बसून राहिली. साऱ्या अंगणानं वाट बघितली. एवढ्या बायका एवढा वेळ गप्प बसलेल्या मी आयुष्यात बघितल्या नाहीत.

मग पुन्हा दहा. पुन्हा थांबली. या वेळी एकीनं पंख्यानं वारा घातला. मग शेवटच्या दहा. तिसावी बांगडी गाठीवर अडली. मुमताजनं डोळे बारीक केले, मनगट पळीसारखं वळवलं, उलटं, सुलटं, आणि ती गेली. पाटाभोवती काचेचा एक तुकडा नव्हता. शबनमच्या हातावर ओरखडा नव्हता. पोरीनं हात वर करून बांगड्या वाजवल्या आणि अंगणात असा गोंधळ उठला की गोठ्यातली बकरी दावं तोडून पळाली. नगरच्या बाईनंच पहिल्यांदा मुमताजच्या पायांना हात लावला.

"दुखतंय किती?" मी विचारलं.

"दहात तीन," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "झुंबरे, फुगडीत हात मीच सोडला हुता."

"मला म्हाईत हाय. का सोडला?"

"पदर सावरायला. कुणीतरी फोटो काढत हुतं."

त्या रात्री आम्ही दोघी पोरींना शिकवायला म्हणून बसफुगडी खेळलो. दहाच फेरे. मीच मोजले.

त्यानंतर सव्वा वर्षानं, दोन हजार सव्वीस सालच्या जानेवारीच्या सतरा तारखेला, शनिवारी सकाळी मुमताज वारली, म्हणून हे सगळं लिहून ठेवलं.